आठ सुयांची फणी

माझ्या भाचीला एका प्रोटीनचा फोटो काढायचा होता. एवढंच. त्यात तिची चार वर्षं गेली होती.

ती ज्या संशोधन संस्थेत आहे, तिथेच मी वर्कशॉपला. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, तुटेल ते जोडायचं, अडेल ते सोडवायचं. शाळेचं म्हणाल तर सातवीत मास्तरांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं, मी मास्तरांकडे बघितलं, आणि दोघांनीही एकमेकांना हात जोडले. तेव्हापासून माझ्या हातात कानस आहे. भाची माझ्या धाकट्या बहिणीची. डोकं बापाकडून आलंय असं बहीण म्हणते, मी म्हणतो आमच्याकडून. ती तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या कोटात, मी तळमजल्यावर तेलकट कोटात. ती मला मामा म्हणते म्हणून अख्खी बिल्डिंग मला मामा म्हणते. तिच्या लॅबचे मोठे सरसुद्धा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, पण म्हणतात.

हे प्रोटीन म्हणजे नक्की काय भानगड आहे ते तिने मला कितीतरी वेळा सांगितलं. शेवटी एकदा ती वर्कशॉपमध्येच येऊन बसली, स्टुलावर, चहा घेऊन.

"मामा, तुमच्याकडे मूळ ड्रॉइंग कुठे असतं?"

"ऑफिसात. कपाटात. कुलूप लावून."

"आणि इथे लेथवर?"

"नक्कल येते."

"बास. पेशीत पण तसंच असतं. मूळ ड्रॉइंग कुलपात. बाहेर येते ती नक्कल. तिला आरएनए म्हणायचं. लांबलचक चिठ्ठी. आता मला सांग, नक्कल आली की सरळ मशीनवर जाते?"

"जाते कशी? आमचा जुना फोरमन आधी हातात घ्यायचा. नको तो कागद कापायचा, कुठल्या मशीनवर जायची ते ठरवायचा, क्लिप लावायचा. तो रजेवर असला की झाला गोंधळ. कुणी ड्रॉइंगमध्ये वडापाव गुंडाळायचा."

"माझं प्रोटीन म्हणजे तुझा तो फोरमन. चिठ्ठी पकडतं, कुठे कापायची ते दाखवतं, फाटू देत नाही. माणसाच्या प्रत्येक पेशीत आहे. पण ते चिठ्ठी पकडतं कसं, ते कुणी बघितलेलं नाही."

"आणि तुला बघायचंय."

"मला बघायचंच आहे," ती म्हणाली. हा 'च' तिच्यात लहानपणापासून आहे. सायकल शिकताना गुडघे फुटले, मी म्हटलं उद्या शिकू, तर म्हणे आजच शिकणार. रक्त पुसत शिकली.

मला तोंडी सांगून कळत नाही, हातात घेतलं की कळतं. म्हणून मी पत्रा कापून तिचं प्रोटीन बनवायला घेतलं. ती सांगेल तसं. चार पट्ट्या शेजारी शेजारी, थोड्या पिळलेल्या, त्यांच्या मागे दोन स्प्रिंगा. झाला एक तळवा. असे दोन तळवे. चिठ्ठी पट्ट्यांच्या बाजूला बसते, स्प्रिंगांच्या बाजूला नाही. एका तळव्यात तीन-चार अक्षरं मावतात, आणि ती पण कुठलीही नाहीत, ठराविकच. बाकीची आली की तळवा नाकारतो. दोन तळव्यांच्या मध्ये काय, तर नुसता सैल धागा. तिथे मी बाथरूमच्या बुचाची साखळी लावली.

मॉडेल टेबलावर ठेवलं तर ते ठेवताच येईना. एक तळवा इकडे लोळतोय, दुसरा तिकडे.

"हेच तर दुखणं आहे," भाची म्हणाली. "फोटो काढायचा तर आधी त्याचे क्रिस्टल वाढवावे लागतात. म्हणजे असे लाखो तळवे एकावर एक, एकाच ढंगात रचले जायला पाहिजेत. विटांसारखे. पण प्रत्येक वीट हात हलवत असेल तर भिंत कशी उभी राहणार?"

मी एक दोरी घेतली, दोन्ही तळव्यांच्या पट्ट्यांवरून नेली आणि ताणली. तळवे समोरासमोर आले आणि गप्प बसले.

"चिठ्ठी हातात दे त्याच्या," मी म्हटलं. "काम असलं की माणूस हातवारे करत नाही."

"तेच करायचंय, मामा. छोटी चिठ्ठी, दहा अक्षरांची, बनवून मागवलीय. ती दोघांना एकत्र घालून थेंब लावायचे. हजारो थेंब, प्रत्येकात मीठ वेगळं, आंबटपणा वेगळा. कुठल्या थेंबात जमेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही."

आता अडचण सांगतो. क्रिस्टलचा फोटो काढायचं मशीन आमच्याकडे नाही. ते दुसऱ्या गावात, एवढं मोठं गोल की आतून सायकलवरून फिरतात. आमच्या वाट्याला त्याचे आठ तास आले होते. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला. मोठे सर तिच्या टेबलापाशी आले तेव्हा मी तिथे स्टुलाचा पाय घट्ट करत होतो.

"चार वर्षं झाली," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. सर कधीच चढवत नाहीत, त्यानेच जास्त लागतं. "तीस तारखेला मशीनवर ठेवायला क्रिस्टल असेल तर पुढे बघू. नसेल तर हा विषय आपण बंद करू. हे टेबल मी दुसऱ्याला देईन. तुला दुसरीकडे चांगलं काम मिळेल, मी स्वतः पत्र देईन."

"क्रिस्टल असेल, सर," ती म्हणाली.

"असेल तर मला आनंदच आहे."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "सहा आठवडे. आणि थेंब लावायचं मशीन परवापासून बंद पडलंय. त्याचा पार्ट यायला दोन महिने."

"हाताने लाव."

"एका प्लेटमध्ये शहाण्णव थेंब. मला पन्नास प्लेट लावायच्यात. हात गळून पडतील."

मग मी फणी बनवली. एका पट्टीत आठ सुया, स्टीलच्या, टोकाला बारीक खाच. प्रोटीनच्या पाण्यात बुडवायची, प्लेटवर टेकवायची, प्रत्येक सुई एक थेंब सोडते. आठ थेंब एका दमात. बारा वेळा टेकवली की प्लेट भरली. तीन दिवस लागले बनवायला. बरीच कामं केली आयुष्यात, पण या फणीचा मला तोरा होता. खोटं कशाला बोलू.

सुईच्या टोकाला बर राहिली, म्हणजे धातूचा केसाएवढा काटा राहिला, की थेंब तिरका पडतो. बर डोळ्याला दिसत नाही. ती अंगठ्याला कळते. फिटरचा अंगठा हे मापाचं हत्यार आहे. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी माझा अंगठा धरून पत्र्याच्या कडेवरून फिरवला होता. म्हणाला, डोळा फसवेल, हा फसवणार नाही. चाळीस वर्षं झाली, माझ्या हातातून गेलेली एकही वस्तू मी अंगठा फिरवल्याशिवाय सोडली नाही.

तर रोजचं काम असं ठरलं. संध्याकाळी भाची फणी स्वच्छ करायची, शुद्ध पाण्याने, मग स्पिरिटने, आणि वाळत ठेवायची. सकाळी आठला मी वर जायचो, फणी बघायचो, तिच्या ॲल्युमिनियमच्या डबीत ठेवायचो, डबी टेबलावर. नऊला ती यायची, हातमोजे घालायची आणि सुरू. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण पोरगी एवढी झिजतेय, आपण एवढं तरी करावं.

पहिल्या दहा प्लेटा लागल्या. तिने रोज मायक्रोस्कोपखाली बघितल्या. एकातही काही नाही. थेंबात नुसता चिकट गाळ, फाटलेल्या दुधासारखा.

पुढच्या सहा. गाळ.

"नळीत तर धरतंय," ती वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाली. चहा हातात तसाच गार होत होता. "नळीत प्रोटीन आणि चिठ्ठी एकत्र ठेवली की घट्ट धरतंय, मी तीन वेळा तपासलं. थेंबात गेलं की सोडून देतं. असं कसं होईल?"

"थेंबात जाऊन सोडतंय की थेंबात कुणी हिसकावून घेतंय?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. चहा तसाच ठेवून वर पळाली. संध्याकाळी परत आली ती एक फोटो घेऊन. थेंब उचलून तिने तपासले होते. जिथे चिठ्ठीची एक काळी रेघ दिसायला हवी होती, तिथे खाली नुसती धूळ सांडल्यासारखा डाग.

"चिठ्ठी खाल्लीय, मामा. तुकडे तुकडे केलेत."

"कुणी?"

"आरएनएज म्हणतात त्याला. ते पण एक प्रोटीनच. आरएनए दिसलं की कापायचं, एवढंच त्याचं काम. सगळीकडे असतं. धुळीत, थुंकीत, घामात. उकळून मरत नाही. एक कण पुरतो."

"आपल्या अंगात असलं कशाला ठेवलंय देवाने?"

"बाहेरच्या चिठ्ठ्या आत येऊ नयेत म्हणून. विषाणू म्हणजे तरी काय, परक्याची चिठ्ठीच."

म्हणजे चोर होता. चोर म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, तू प्लेटा लाव, चोर मी पकडतो.

शुद्ध पाण्याच्या मशीनचे तिन्ही फिल्टर बदलले. टेबलावरच्या पंख्याची पाती पुसली, मग पंखाच काढला. थंड खोलीच्या दाराचं रबर बदललं. थेंबात चिठ्ठी तरीही खाल्लेलीच. मग माझी नजर गेली बाटल्यांच्या खोलीकडे.

बाटल्या धुणाऱ्या मावशी बावीस वर्षं त्या खोलीत आहेत. वाफ, ब्रश, पाण्याचा आवाज, आणि त्या सगळ्यावरून ऐकू जाईल असा आवाज मावशींचा. मी दारात उभा राहून सरळच विचारलं, "मावशी, बाटल्या भट्टीत किती वेळ भाजता?"

"सांगितल्यात तेवढा. चार तास."

"पूर्ण चार?"

मावशींनी नळ बंद केला. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं काही नाही. तिसऱ्या मजल्यावर काहीतरी घाण जातेय, आणि जातेय तर ती कशातून तरी जातेय."

"ओ मामा," मावशी म्हणाल्या, आणि मागे ट्रे घ्यायला आलेली दोन पोरं थांबली, "माझ्या बाटल्या तुमच्या लग्नाच्या फोटोपेक्षा स्वच्छ आहेत. मी कोपरापर्यंत मोजे घालते. तुमचे हात बघा आधी. अंगठा बघा, काळाठिक्कर. एंजिनातून काढल्यासारखा."

पोरं हसली. मी म्हटलं, "फिटरचा अंगठा आहे तो, मावशी. तुमच्या साबणाने जायचा नाही."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या आणि नळ सुरू केला.

मी तरीही सरांच्या ऑफिसात जाऊन सांगून आलो की बाटल्यांवर लक्ष ठेवा. तेवढं मी केलं. तेव्हापासून रोज मावशींच्या भट्टीपाशी एक माणूस घड्याळ घेऊन उभा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मावशी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. चोर काही सापडला नाही.

नऊ तारीख उजाडली. एकवीस दिवस उरले. छत्तीस प्लेटा झाल्या होत्या. दुपारी मी वर गेलो तर भाची मायक्रोस्कोपवर वाकलेली, मान वर करेना.

"मामा, श्वास पण हळू घे. इथे बघ."

मी डोळा लावला. थेंबात बारीक बारीक काड्या. पारदर्शक, एका ठिकाणाहून फुटलेल्या, साळिंदराच्या अंगावरच्या काट्यांसारख्या.

"मीठ असेल," मी म्हटलं. तोंडातून चांगलं काही काढायची भीती वाटत होती.

तिने एक बारीक सुई घेतली आणि एका काडीवर टेकवली. "मीठ असेल तर कट्ट असा आवाज येतो, हाताला कळतं. प्रोटीन असेल तर..." काडी आवाज न करता चुरली. ओल्या पावासारखी. भाचीने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "मीठ नाही."

"कितवी प्लेट?"

"सतरावी. आणि अठराव्यात पण आहेत. बाकी चौतीसपैकी एकातही नाही. फक्त या दोन." तिने वही उघडली. "गेल्या महिन्याच्या सत्तावीस आणि अठ्ठावीस तारखेला लावल्यात. पाणी तेच, बाटल्या त्याच, प्रोटीन त्याच डब्यातलं. त्या दोन दिवशी वेगळं काय होतं?"

"काय होतं?"

"हां, त्या दोन दिवशी मी हाताने लावल्या होत्या. पिपेटने. फणी नव्हती."

"का नव्हती?"

"तूच नव्हतास ना. तुला ताप होता. एक सुई वाकली होती म्हणून तू फणी खाली नेली होतीस, कपाटाला कुलूप, आणि किल्ली तुझ्या पँटच्या खिशात. फोनवर मामी म्हणाली पँट धुवायला टाकलीय, किल्लीसकट. विसरलास?"

विसरलो नव्हतो. तिथल्या तिथे सगळं जुळलं. मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. आठ सुया. रोज सकाळी आठ वाजता, तिने धुतल्यानंतर, तिने मोजे घालायच्या आधी. प्रत्येक सुईच्या टोकावरून एकदा इकडून, एकदा तिकडून.

तिला माहीतच नव्हतं. तिला वाटायचं मी डबीत ठेवतो फक्त.

मला सांगता आलं असतं की सुयांचं स्टील खराब आहे, नवीन बनवतो. ते मनात आलं, नाही असं नाही. जिना उतरून तळमजल्यावर गेलो असतो, बनवली असती, प्रश्न मिटला असता. पण तिला कारण कळलं पाहिजे होतं. एकवीस दिवसांत चुकीच्या कारणामागे एक दिवस जरी गेला असता तर तो माझ्यामुळे गेला असता. आणि खाली बाटल्यांच्या खोलीत एक माणूस अजून घड्याळ घेऊन उभा होता.

"चोर सापडला," मी म्हटलं.

"कोण?"

मी अंगठा वर केला. तिला आधी वाटलं मी शाबासकी देतोय. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, उस्तादापासून.

ती खुर्चीत मागे टेकली, डोळे मिटले. मला वाटलं रडेल. मी आयुष्यात तिला ओरडताना ऐकलेलं नाही, त्या दिवशी ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"छत्तीसपैकी चौतीस प्लेटा," ती म्हणाली.

"हो."

"स्पिरिटने जात नाही ते, मामा."

"मग कशाने जातं?"

"धातू असेल तर अडीचशे डिग्री. चार तास."

"वर्कशॉपची भट्टी माझीच आहे," मी म्हटलं. "आत्ता पेटवतो."

तिने डोळे उघडले. "बारा दिवस लागतात क्रिस्टल यायला. आज नऊ. उद्या-परवा लावल्या तर चोवीसपर्यंत काय ते कळेल. एकच फेरी मिळतेय आपल्याला. दुसरी नाही."

"एक पुरते."

"आणि मामा."

"काय?"

"हात लावलास तर मी तुला मामीकडे देईन."

जाता जाता मी आधी सरांकडे गेलो, मग बाटल्यांच्या खोलीत. त्या घड्याळवाल्याला म्हटलं, जा बाबा तुझ्या कामाला. मावशींना म्हटलं, "मावशी, माझा अंगठा होता."

मावशींनी नळ बंद केला नाही. बराच वेळ एकच बाटली घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरांना सांगितलंत?"

"आत्ताच सांगून आलो."

"त्या दोन पोरांना पण सांगा." आणि मागे वळून शेल्फवरून निळ्या हातमोज्यांचं एक पूर्ण खोकं काढून माझ्या छातीवर ठेवलं. "मोठ्या मापाचे आहेत. रोज दोन जोड. फाटले की फेकायचे, ठिगळ नाही लावायचं."

पोरांना सांगितलं. सोपं नव्हतं, सांगितलं.

फणी भट्टीत गेली. चार तास मी बाजूला बसलो. बाहेर काढली ती चिमट्याने, ती पण भाजलेल्या चिमट्याने, थेट भाजलेल्या डबीत. आणि तिथे माझी परीक्षा सुरू झाली. तापून धातू हलतो. एखादी सुई तिरकी झाली असेल, टोकाला पापुद्रा आला असेल. माझा अंगठा अक्षरशः खाजत होता. मोज्याच्या आत खाजत होता. मी घड्याळजींकडे असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं, उजेड तिरका पाडला आणि आठही टोकं डोळ्याने बघितली. चौथ्या सुईला काहीतरी चमकलं. अंगठ्याने एका क्षणात सांगितलं असतं. डोळ्याला पाव तास लागला. बर होती. कानस भाजली, घासली, फणी पुन्हा भट्टीत. पुन्हा चार तास. उस्तादाने वरून बघितलं असेल तर शिव्या घातल्या असतील.

दहा आणि अकरा तारखेला आम्ही अठ्ठावीस प्लेटा लावल्या. ती टेकवायची, मी प्लेटांचे नंबर वाचायचो. सतराव्या प्लेटमध्ये ज्या मिठात काड्या आल्या होत्या, त्याच्या आजूबाजूचंच सगळं धरलं. थोडं जास्त, थोडं कमी, थोडं आंबट. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिचं मनगट सुजलं. मी म्हटलं थांब. म्हणाली, अकरा राहिल्यात. मी म्हटलं, मोजे आहेत माझ्या हातात, मला दे. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि फणी दिली. शेवटच्या अकरा प्लेटा माझ्या आहेत. हात हलला नाही. चाळीस वर्षांत कधी एवढा स्थिर धरला नव्हता.

मग वाट बघणं. थंड खोलीत प्लेटा, आणि खोलीच्या कॉम्प्रेसरपाशी मी. तो बंद पडला तर माझ्या नावाने बंद पडला असता, म्हणून रोज तीनदा कान लावायचो. अठरा तारीख, काही नाही. पण गाळही नाही, थेंब स्वच्छ. बावीस, काही नाही. सर एकदा येऊन गेले, विचारलं नाही, नुसतं बघून गेले. तेवीसला भाची म्हणाली, "मामा, नाही आले तर मी मशीनवर काय नेऊ?"

"ते चोवीसला विचार."

चोवीसला बाराव्या प्लेटमध्ये काड्या. पंचवीसला तेविसाव्यात काड्या नव्हत्याच. तिथे एक विटेसारखा तुकडा होता, चारी कडा सरळ, कोपरे धारदार. केसाच्या जाडीएवढा. मी मायक्रोस्कोपमधून बघितला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की या कडेला बर नाही.

"तेविसावी कुणी लावली?" मी विचारलं.

"तूच लावलीस," ती म्हणाली. "आता सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरू नकोस."

सांगत फिरलो. मावशींपासून सुरुवात केली.

अठ्ठावीसला तिने नायलॉनच्या बारीक फाशाने तो तुकडा उचलला, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. असे सहा तुकडे. थंड पिंप मीच मांडीवर धरून नेलं, रस्ताभर. ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला मी जे बोललो ते इथे सांगत नाही.

मशीनवर पहिला तुकडा ठेवला तर पडद्यावर नुसतं धुकं. दुसरा, धुकं. तिसरा नेताना वितळला. चौथा तो तेविसावा होता. काळ्या पडद्यावर ठिपके उमटले. रांगेत, गोलात, काठापर्यंत, आखून मारल्यासारखे. ठिपके जेवढे काठाकडे जातात, तेवढा फोटो स्पष्ट येतो. भाचीने सरांना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "काठापर्यंत आहेत, सर."

पलीकडून मग सर म्हणाले, ते मलाही ऐकू आलं, "टेबल आवरून ठेवू नकोस. पसारा तसाच राहू दे."

त्या ठिपक्यांवरून आकार काढायला तिला आणखी सात आठवडे लागले. एक दिवस ती वर्कशॉपमध्ये आली, माझं पत्र्याचं मॉडेल खाली काढलं आणि कॉम्प्युटरवरचं चित्र शेजारी ठेवलं. दोन तळवे. मध्ये चिठ्ठी, दोन्ही तळव्यांच्या पट्ट्यांवरून गेलेली, तिची चपटी अक्षरं पट्ट्यांवरच्या चपट्या कड्यांवर अशी बसलेली की मध्ये कागद जाणार नाही.

"तुझं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली, "एक सोडून. ही साखळी. ती लोंबत नाहीये. चिठ्ठी हातात आली की ती स्वतः वळते, स्प्रिंग होते, आणि चिठ्ठीवर आडवी बसते. कुलपासारखी. हे कुणालाच माहीत नव्हतं, मामा. मला पण नाही."

मी बुचाची साखळी काढली. तारेची स्प्रिंग वळली, छोटी, तीन वेढ्यांची, आणि दोन तळव्यांच्या मध्ये डाग दिला. दोरी ओवली. मॉडेल टेबलावर ठेवलं. कुठेच लोळलं नाही, सरळ उभं राहिलं.

मी सवयीने खिशातून मोजे काढायला लागलो.

"अरे राहू दे," भाची म्हणाली. "हा पत्रा आहे."

मग मी अंगठा फिरवला. डाव्या तळव्याच्या तिसऱ्या पट्टीला बर होती. एवढे महिने तिथे होती, आणि मला पत्ता नाही. कानस घेतली आणि काढली.